पाळणा कधी हलावा, हे कुणी ठरवायचं?

मंडळी, एक प्रश्न विचारतो, उत्तर मनातच द्या. घरात पाळणा कधी हलावा, मुळात हलावा की नाही — हे ठरवतं कोण? नवरा-बायको? खात्री आहे? मग ऐका!

बाणेरला ऋजुता नावाची मुलगी. लग्नाला सात वर्षं, मोठ्या कंपनीत नोकरी. साहेबांनी बोलावलं, म्हणाले, बढती आहे तुमची, फक्त मुलाचं चारेक वर्षं लांबवा. बीजांडं गोठवून ठेवा, खर्च कंपनीचा. — अहो, आम्ही मटार गोठवतो! सोमवारी उत्तर द्यायचं होतं.

इकडे घरी सासूबाई, मालतीबाई. शेजारी बारसं, म्हणून त्यांनी सुनेच्या फोनवर अंगडं-टोपडं पाहिलं. एकदाच हो! पण फोन विसरतोय कशाला? दुसऱ्या दिवसापासून सुरू — दुपटी, तीट लावलेली बाळं, आणि एक बाई डोळ्यांत पाणी आणून विचारते, 'उशीर तर होत नाही ना?' मालतीबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, देवाचा कौल आहे! मुलगा निहार, तोही म्हणाला, असेल बुवा. — कौल कसला? दुकानदार गिऱ्हाईक शोधतोय!

एक म्हणतो थांब, दुसरा म्हणतो पळ. दोघांना तिची काळजी किती? नफ्यापुरती! पोरीला अन्न गोड लागेना.

बारशाला बाळ पाळण्याखालून या हातातून त्या हातात गेलं. ऋजुताच्या हाती आलं, आणि तिला रडूच फुटलं. उठली, निहारला घेऊन जिन्यात बसली.

"कंपनी नाही, फोन नाही, आई नाहीत. तुला हवंय का मूल?"

निहार मग म्हणाला, "माहीत नाही गं. भीती वाटते."

"मलाही."

मंडळी, सात वर्षांत दोघं पहिल्यांदा स्वतःचं बोलली! सोमवारी तिनं साहेबांना सांगून टाकलं, बढती कामावर द्यायची तर द्या, घरचं आम्ही बघू.

मग? झालं का मूल? — बघा, बघा, पुढच्या रांगेतल्या मावशी कशा सरसावल्या! पेटीवाल्यांचाही हात थांबला! अहो, कंपनीला दाराबाहेर ठेवलं, फोन पालथा घातला — आणि आत कोण शिरलं? तुम्ही! परवाच्या लग्नात 'गोड बातमी कधी?' कुणी विचारलं? हात वर करू नका, मला दिसतंय. त्यांना निदान नफा तरी होता. तुम्हाला काय मिळतं हो?

सांगणार नाही मी. ते त्या दोघांचं. उद्या कुणाची सून भेटली, तर चहा झाला का एवढंच विचारा, आणि उरलेलं तोंड नामासाठी राखा. उचला टाळ!