दोन्हीला हात वर

माझ्या पुढारीपणाची सुरुवात कशी झाली, ते ऐकाच. दिल्लीहून शिकून मी नगरच्या कॉलेजात आलो आणि विद्यार्थी प्रतिनिधी झालो. दुष्काळात वसतिगृहाची विहीर आटली होती. टँकर मागायचा होता. हुकूम सोडायचे नाहीत, सगळ्यांना विचारायचं, असं मी ठरवलं आणि सभा बोलावली.

“प्राचार्यांना अर्ज द्यायचा?” सगळ्यांचे हात वर.

“की मोर्चा काढायचा?” पुन्हा सगळ्यांचे हात वर.

मी गोंधळलो. समोर बसलेल्या म्हादूला विचारलं, “अरे, दोन्हीला हो कसं?”

“तुमी एवढ्या लांबून आलाय. न्हाई कसं म्हनायचं?”

“मग टँकरचं काय?”

“त्यो येतोय दुपारी. आमी सकाळीच प्राचार्यांना सांगून आलो.”

“मग मी काय करू?”

“तुमी बोला की! लई चांगलं बोलता.”