गाण्याच्या खोलीतली हवा

आजच्या समारंभाचे माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील सचिवसाहेब आणि मुख्याध्यापक, मघाशी ज्यांना पुष्पगुच्छ देण्यात आला ते आपल्या नव्या कामाचे कंत्राटदार, आजच्या सत्कारमूर्ती आणि मला मोठ्या बहिणीच्या जागी असलेल्या गायनाच्या ताई, समोर बसलेले पालक, सहकारी आणि विद्यार्थी मित्रहो,

मी या शाळेची खेळाची शिक्षिका. मला भाषणाची सवय नाही, ओरडण्याची आहे. सचिवसाहेबांनी कालच बजावलंय, ‘चार शब्द गोड बोला, निरोपाचा कार्यक्रम आहे.’ मी प्रयत्न करते, पण खात्री देत नाही.

मघापासून बघतेय, पुढच्या रांगेत बरेच जण रुमालानं डोळे पुसताहेत. ताई चालल्या म्हणून पुसत असाल, तर त्यांच्या वतीनं आभार. पण तुमच्यातल्या पुष्कळांचे डोळे पहिलं भाषण सुरू व्हायच्या आधीपासून चुरचुरताहेत. या सभागृहाच्या भिंतींना नुकत्याच नव्या फळ्या ठोकल्यात, त्यावर पॉलिश चढवलंय आणि एसी लावलाय म्हणून दारं-खिडक्या बंद. आत येताना प्रत्येक पाहुणा नाक वर करून म्हणाला, ‘वा, कसं नवंकोरं वाटतंय.’ हाच तो वास. ताईंचा आवाज यानंच नेला.

अध्यक्षमहाराज, चुळबुळ करू नका, मी मुद्द्यावरच आहे.

गाण्याच्या खोलीला शेजारच्या गणिताच्या वर्गाची तक्रार होती. आवाज बाहेर जातो म्हणे. मग संस्थेनं मोठ्या हौसेनं ती खोली आतून फळ्यांनी मढवली, छताला फोम चिकटवला आणि खिडक्यांच्या फटीत सिलिकॉन भरून त्या कायमच्या बंद करून टाकल्या. उद्घाटनाला टाळ्या आपणच वाजवल्या होत्या. आणि त्या खोलीत ताईंचा तास कसा सुरू व्हायचा? लांब श्वासानं. ‘डोळे मिटा. पोटातून श्वास घ्या. खांदे वर जाता कामा नयेत. अजून, अजून घ्या.’ साऱ्या शाळेत मुलं जिथे सगळ्यात खोल श्वास घेतात, नेमकी तीच खोली आपण निवडली.

मुलं खोकायला लागली. ताई म्हणाल्या, हवा बदललीय. मग त्यांचाच घसा बसायला लागला, तर म्हणाल्या, वय झालं. बाईमाणसाला स्वतःला दोष द्यायला किती सोपं जातं, बघा. शेवटी एकदा आमचे जीवशास्त्राचे सर त्यांना चहाला बोलवायला गेले आणि दारातच थबकले. म्हणाले, ‘ताई, माझ्या बरण्या इथे कुणी आणून ठेवल्या?’ सरांच्या बरण्यांत बेडूक असतात, औषधात बुडवलेले. फळीचा भुसा दाबून चिकटवायला जो स्वस्त गोंद वापरतात, त्यातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू महिनोन्‌महिने सुटत राहतो. तो पाण्यात विरघळवला की सरांच्या बरणीतलं औषध होतं. सरांच्या प्रयोगशाळेला निदान पंखा आहे, उघडी खिडकी आहे. मेलेल्या बेडकांची जेवढी बडदास्त आपण ठेवली, तेवढी जित्या मुलांची ठेवली नाही.

ताई कंत्राटदारांकडे गेल्या. सोबत मी होते, म्हणून शब्द न्‌ शब्द सांगते. ताईंनी विचारलं, ‘फळीत गोंद कुठला आहे हो?’ साहेब हसले. ‘ताई, तुम्ही सूर सांभाळा, फळ्यांचं आम्ही बघतो. नव्याचा वास आहे, जाईल आठवड्यात.’ साहेब, आता हसू येतंय का?

आणि संस्थेनं काय केलं? खोलीच्या चारी कोपऱ्यांत गुलाबाच्या वासाच्या डब्या ठेवल्या. त्यानं भागेना, तेव्हा फळ्यांवर पॉलिशचा आणखी एक हात मारला. म्हणजे वास झाकायला वास, विषावर अत्तर. ताईंनी मुलांना जिन्यात नेऊन शिकवायला सुरुवात केली, तर निरोप आला की पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, एवढी सजवलेली खोली असताना. बिचाऱ्या परत आत गेल्या. मला त्याचा अजून संताप आहे. त्यांचाही आणि तुमचाही.

डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, ‘घरी नवीन फर्निचर केलंय का?’ ताई म्हणाल्या, ‘घरी नाही.’ स्वरयंत्र सुजून खराब झालंय, गाणं आता बंद. संस्थेच्या फलकावर काय लिहिलं गेलं? ‘प्रकृतीच्या कारणास्तव स्वेच्छानिवृत्ती.’ यात स्वेच्छा कुणाची होती? फुलं देऊन आपण निरोप देतोय, की बोळवण करतोय?

एवढ्यावर भागलं असतं तर मी दात-ओठ खाऊन गप्प बसलेही असते. पण परवा कळलं की खोली रिकामी झालीच आहे, तर सोमवारपासून तिथे शिशुवर्गाच्या दुपारच्या झोपेची सोय करणार आहेत. शांत खोली आहे ना, आवाज येत नाही. चिमुरडी पोरं चटया टाकून, दार लावून झोपणार. ताईंच्या मुलांनी निदान खोकून दाखवलं. झोपलेलं पोर कुणाकडे तक्रार करणार?

अध्यक्षमहाराज, तुमची नात त्याच वर्गात आहे. सगळ्यांसमोर विचारते, तिची चटई तुम्ही तिथे घालाल? नाही म्हणून मान हलवलीत, ती सगळ्यांनी पाहिली. मग तोच न्याय बाकीच्या मुलांना लावा. त्या फळ्या उतरवा, खिडक्या मोकळ्या करा, भिंतींना साधा चुना द्या. पुढचं काम काढाल तेव्हा गोंद कुठला, रंग कुठला, हे आधी विचारा आणि उत्तर हसण्यावारी नेणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तोवर सोमवारी त्या खोलीच्या दारात मी उभी असेन. मी हटत नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारा.

आपण मला बोलू दिलंत, त्याबद्दल ऋणी आहे. आवाज चढला, कुणाचा मान राहिला नसेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. बोललेलं मात्र मागे घेत नाही.

कार्यक्रमपत्रिकेत यापुढे ताईंचं मनोगत आहे. ते इथे होणार नाही. ताईंनी मला खूण केलीय, मैदानावर चला. खुर्च्या राहू द्या, माईकही राहू द्या. आधी सगळे मिळून एक लांब श्वास घेऊ, त्यांच्या तासाला मुलं घ्यायची तसा. मग त्यांच्या अगदी जवळ येऊन उभे राहा. ज्यांचं गाणं फाटकापर्यंत ऐकू जायचं, त्यांचा आवाज आता हातभर अंतरावर विरतो.