बाईसाहेबांच्या बागेचं फाटक

आमी मूळचे वेरूळकडले. बाप माझा लोकांच्या रानात राबायचा, आन् मी बारका असतानाच हिकडं आला, जालना रोडच्या आतल्या अंगाला बाईसाहेबांची बाग व्हती, तिथं माळी म्हणून लागला. तवा पार चिकलठाण्यापर्यंत रानंच व्हती बगा. काय सांगू तुमाला, मोसंबी, सीताफळ, जांभळी, मधी दगडी हौद, आन् विहीर अशी की सगळं शहर टँकरची वाट बघायचं पण हिचं पाणी हटलं नाय. बाप गेला तसा मी लागलो. बाईसाहेब मला शेषराव म्हणायच्या, शेष्या कधीच नाय. आमी बाबासाहेबांची माणसं, आमच्या बापाला गावात लोक पाणी वरून घालायचे, आन् या बाईनं हौदाच्या कठड्यावर बसून माझ्या बायकोच्या हातचा च्या घेतला. एकदा नाय, रोज.

मालक आधीच वारले व्हते. एकुलता एक लेक, त्यो मोटारसायकलवरनं येताना रस्त्यातच गेला. मग बाई बोलायच्याच बंद झाल्या. लई दिवसांनी एकदा मला म्हणल्या, शेषराव, आता ही कोणासाठी जपायची, लोकांना देऊन टाकते. पुतणे लई भांडले, म्हणले काकी तुमचं डोकं फिरलंय, बिल्डर तयार हाय. नाय ऐकलं त्यांनी. सगळी जागा पालिकेला दिली आन् दोनच गोष्टी लिहून घेतल्या, झाडं तोडायची नाय आन् शेषरावला कामावर ठिवायचं. स्वतः जवळच दोन खोल्यांच्या फ्लॅटात गेल्या.

बाग उघडली त्या दिवशी एवढी माणसं आली, बाई पदरानं डोळे पुसत हसत व्हत्या. रोज सांजच्याला यायच्या. मी आळं करताना शेजारी उभ्या राहून सांगायच्या, जरा रुंद करा, मुळी लांब गेलीय.

पुढं काही वर्षांनी त्यांना इसर पडायला लागला. आधी चष्मा, मग घराचा रस्ता, आन् मग बाग दिलीय हेच डोक्यातनं पुसलं गेलं. लोकांवर ओरडायच्या, कोण तुमी, माझ्या बागेत कशाला शिरला. एका माणसाला काठी मारली. तक्रारी गेल्या वरती. बगीच्याचे सायब मला म्हणले, त्या म्हातारीला आत सोडायचं नाय, फाटकावर तू थांब, तुझं ऐकते ती. मी म्हणलं सायब, त्यांचीच जागा हाय. सायब म्हणले, होती. माझा कायम व्हायचा कागद तवा त्यांच्याच टेबलावर पडून व्हता. बायको आजारी, पोरगी शिकायली. मी फाटकाची चावी घेतली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. साडी उलटी नेसलेली, एकाच पायात चप्पल. म्हणल्या, शेषराव, फाटक उघडा, झाडं सुकली असतील. सगळं इसरल्या व्हत्या हो, माझं नाव नव्हतं इसरल्या. मी म्हणलं बाईसाहेब, आज बाग बंद हाय. आन् माझ्या बाजूच्या बारक्या दारानं माणसं आत चालली व्हती. त्यांनी ती बघितली, माझ्याकडं बघितलं. वाटलं आता काठी घालतील, घातली असती तर बरं झालं असतं. म्हणल्या, व्हय का, मग उद्या येते.

उद्या आल्या. परवा आल्या. आठ दिवस मी त्येच सांगत राहिलो आन् त्या त्येच म्हणत राहिल्या. नवव्या दिवशी आल्या नाय. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. फ्लॅटात पडल्या व्हत्या, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात गेलो तर पुतण्यानं दारातच अडवलं, म्हणला आता कशाला आलास. तिथंच गेल्या त्या.

मी कायम झालो. नोकरी पुरी केली. पोरगी नर्स झाली, बायको मात्र गेली. जाताना म्हणाली, बाईची माफी मागायची राहिली तुमची.

परवा बागेत बाईसाहेबांच्या नावाचा नवा फलक बसवला. सायब लोक आले व्हते, मलाबी खुर्ची दिली, शाल दिली. भाषणात म्हणले, दानशूर बाई शेवटपर्यंत रोज आपल्या लाडक्या बागेत येत असत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल धरून बसलो, उठून बोलायचं धाडस नाय झालं.

म्हणून तुमाला सांगतोय. तुमी लिहून घ्यायलात, तर तेवढं नीट लिहा, बाबा. तुमचं भलं होवो. येत व्हत्या त्या, फाटकापर्यंत. तिथं कोण उभं व्हतं, त्येचंबी नाव लिहा.