तीनदा सांगून फोन ठेवायचा

मोनाली : बाबा, माह्या तोंडाकडं नका पाहू. मोबाईल पाहा. मी बोलून राहिली ते सगळं तिथं लिहून येते.

आनंदराव : आलं. पन तू 'माह्या' म्हनलं, यानं 'माझ्या' लिहिलं. तुही भाषा सुधरवून राहिला हा.

मोनाली : सुधरवू द्या. आता समजा, तुमच्या छातीत दुखलं. ॲम्ब्युलन्ससाठी एकशेबारा लावला. तो विचारते, कुठं राहता?

आनंदराव : रोलिंग मिलमंधी तीस वर्षं काढले मी. फोन लावाले मलेच शिकवून राहिली.

मोनाली : मिलमंधी कसे करायचे फोन?

आनंदराव : मशीनीच्या आवाजात कोनाचं काय ऐकू येते? आपलं तीनदा सांगायचं, फोन ठेवायचा. गाडी येऊन जाये.

मोनाली : आईच्या टायमाले बी तेच केलं ना.

आनंदराव : तीनदा सांगतलं. साफ सांगतलं. सेक्टरमंधल्या कंपनीच्या क्वार्टरचा नंबर.

मोनाली : क्वार्टर सोडून स्मृति नगरले येऊन चार वर्षं झाले होते, बाबा.

आनंदराव : तोंडात तोच बसला होता. गाडी तिकडं गेली. त्याईनं सहा वेळा फोन केला मले. वाजला असन. माहे कान तुही आईच होती, अन् ते तर खाली पडून होती.

मोनाली : म्हणून म्हणते, ठेवायचा नाई. तो विचारते ते वाचायचं. चला, प्रॅक्टिस. मी व्हरांड्यातून फोन करते.

(ती बाहेर जाते. आनंदरावांच्या हातात मोबाईल थरथरतो.)

मोनाली : काका, कुठून बोलता?

आनंदराव : स्मृति नगर. टाकीच्या मांगं. निळं गेट. स्मृति नगर, टाकीच्या मांगं...

मोनाली : एकदाच बस. ठेवू नका. पेशंट कोण आहे?

आनंदराव : कांता.

मोनाली : बाबा.

आनंदराव : बरं, मी. मीच आहो. ये आता अंदर.

मोनाली : आली. जमलं न?

आनंदराव : हे जुनं बोललेलं बी लिहिते का?

मोनाली : जुनं मतलब?

आनंदराव : व्हॉट्सॲपवर कांताचा आवाज पडून आहे. सुपेल्याच्या बाजारातून बोलली होती. घरी आली अन् म्हने, तुमाले ऐकू येत नाई हेच भुलली मी. लय हासलो दोघं. काय बोलली ते इचाराचंच राहून गेलं.

मोनाली : मले कावून नाई दिला? मी ऐकून सांगतलं असतं.

आनंदराव : तुह्या तोंडून नोको होतं.

मोनाली : ...द्या इकडं. हं. आता वाचा.

आनंदराव : "ऑटो भेटला. वांगे घेतले. भात नका चढवू, मी येऊन राहिली."

मोनाली : बाबा, एकशेबाराचं अजून एकदा करू या?

आनंदराव : थांब जरासक. येऊन राहिली म्हनते.