कप्तानाची वर्दी

पांढरकवड्याच्या बसस्टँडवर गावच्या नाटकाचे दिग्दर्शक बबनराव आणि त्यांची नायिका उर्वशी माझ्या मागच्या बाकावर भांडत होते.

“काका, युद्धाच्या नाटकात मी चारदा बेशुद्ध काहून पडते?”

“कप्तानाची बायको हायेस तू. सीमेवर बॉम्ब फुटला की बायको घरी पडते.”

“घरी आयकू येते?”

“नाटक हाये ते, बाई!”

“मंग मले कप्तान करा.”

“कप्तान कपिल हाये.”

“काल तालमीत सुतळी बॉम्ब फुटला, तं कप्तान माह्या पाठीमागं लपला. बाहेर काढाले दोघं लागले.”

“लोकाइले रडणारी बायको पाह्यजे, पोरी.”

“कपिल मस्त रडते.”

“अवं, पण वर्दी त्याच्या मापाची शिवली ना!”

“वर्दी मी उसवून घेते. त्याले लुगडं द्या, लुगड्याले माप लागत नाही.”