जवल्याचं शेवटी बोलू

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले सन्माननीय प्राचार्य. प्रमुख पाहुणे, रेवसचे सुक्या मासळीचे व्यापारी वलीशेठ. आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या डॉ. पूनम ठाकूर मॅडम. आणि पंखे बंद असूनही बसून राहिलेल्या सहकाऱ्यांनो, विद्यार्थ्यांनो,

महाविद्यालयांनी उद्योगांशी नातं जोडावं, असं आपण सगळेच म्हणतो. पण सुरुवात कशी करायची? कुणी विचारलं की आपण मेळावा घेतो. गेल्या वर्षी घेतलाच की! संयोजक मीच. वलीशेठना बोलावलं. त्यांची अडचण साधी होती. जवला, म्हणजे ती बारीक सुकी कोळंबी, पावसाळ्यात साठवली की तिला बुरशी धरते. आपण काय केलं? दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, परिचय, प्रास्ताविक. चर्चा सगळ्यात शेवटी. इकडे भरती आली, होड्या धक्क्याला लागायची वेळ झाली, शेठ उठले. जाता जाता मला म्हणाले, "सर, तुमचा नारळ घेतला. पन माझ्या जवल्याचा काय?"

मी त्यांना पत्रिकेवर 'चर्चा' कुठे आहे ते दाखवलं. कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती.

मॅडम मात्र दुसऱ्याच दिवशी त्यांच्या वखारीत गेल्या. शाल नाही, माईक नाही. "शेठ, तुम्ही सुकवता कसं, ते बघायला आलेय," एवढंच म्हणाल्या. मग जवला लॅबमध्ये आला आणि शेजारच्या इतिहास विभागाने खिडक्या लावून घेतल्या! पण उंच जाळीवर सुकवलेला जवला जास्त टिकतो, हे मॅडमनी दाखवून दिलं. आता तेच शेठच्या अंगणात मोठ्या प्रमाणावर करून पाहायचं आहे. निवृत्त झाल्यावरही, म्हणजे उद्यापासून, मॅडमना तपासणीसाठी लॅब वापरता येईल का, एवढाच प्रश्न. शेठ आज शालीसाठी आलेले नाहीत, ते हा प्रश्न घेऊन आलेत. आल्या आल्या त्यांनी प्राचार्य सरांना विचारलंही, "आज काय तो सांगा साहेब. नायतर अंगनातली जागा बर्फवाल्याला देऊन टाकतो."

सर म्हणाले, "अध्यक्षीय भाषणात बोलतो ना." आणि अध्यक्षीय भाषण कधी असतं, हे मी आपणास काय सांगावं?

तर मॅडमच्या कार्याचा आढावा घेताना... शेठ? उठलात? होड्या लागल्या का? दोनच मिनिटं! सर, आपण नुसतं हो किंवा नाही... बरं. क्रमाने. बरं सर. मॅडम, आपणही उभ्या राहिलात? सर बसा म्हणताहेत. आपला हार व्हायचाय अजून.

बसल्या.

शेठ गेले. मित्रांनो, मला फार वाईट वाटतंय. धावत जाऊन त्यांना आणावंसं वाटतं, पण मी इथे हातात नारळ घेऊन उभा आहे आणि आपण सगळे माझ्याकडे बघताय.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. यानंतर पत्रिकेप्रमाणे अध्यक्षीय भाषण. प्राचार्य सर, या. आता जवल्याबद्दल बोलायला हरकत नाही.