मास्तरांची गादीवाली चड्डी

...आणि वर सांगायचं काय, तर म्हणं 'ह्यात हवा खेळती ऱ्हात्या'! अहो, कुठनं खेळणार? हवेला आत शिरायला जागा तरी सोडलीया काय त्या चड्डीत? तुमास्नी सांगतो, आमच्या गल्लीतल्या धोंडीरामतात्यांनी ती चड्डी पयल्यांदा हातात धरली, तवा त्यांनी सरळ माघारी गुंडाळून पिशवीत घातली. म्हणालं, "प्रिया, दुकानदारानं चुकून शाळंतल्या पोराची दिलीया."

प्रिया म्हंजे त्यांची लेक, संघप्रिया. फिजिओथेरपीची डॉक्टर हाय, आख्ख्या राजारामपुरीचं गुडघं वाकवून देत्या. ती म्हणाली, "पप्पा, ती तुमचीच आहे. ताणते."

"कुणी ताणायची?"

"तुम्ही आत गेलात की आपोआप ताणते."

घ्या! आता माणसानं काय बोलायचं? अंगावर काय घालायचं, हे माणसाच्या हातात असतंय व्हय? न्हाय! तात्यांच्या तर कंदीच नव्हतं. ल्हानपणी थोरल्या भावाची उतरलेली कापडं. लग्नात सासऱ्यानं घेतलेला सफारी, त्यो पण चॉकलेटी. मग एसटीत कंडक्टर म्हणून लागलं, तर एकतीस वर्सं खाकी. रिटायर झाल्यादिवशी तात्यांनी खाकी घडी घालून ट्रंकंत ठेवली आणि दारात हुबं ऱ्हाऊन जाहीर केलं, "आता मरस्तवर पांढरा लेंगा आणि बंडी. कुणाच्या बापाचं ऐकणार न्हाय!"

बापाचं न्हाय वो ऐकलं. पर लेकीचं?

झालं काय, रक्तात साखर निघाली. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात साखर निघायची न्हाय तर काय निघंल? पर लेकीनं मनावर घेतलं. ती सोता दर रविवारी सायकल घेऊन डोंगरात जात्या, चांगली धा-बारा जणांची टोळी हाय त्यांची. एक सायकल तात्यांच्या दारात आणून हुबी केली आणि संगं ही चड्डी. आतनं बुडाला गादी शिवलेली! आणि त्या चड्डीचा एक नियम हाय, त्यो बापाला तोंडानं सांगायची प्रियाला लाज वाटाय लागली. म्हणून तिनं आईला सांगितला. सरूकाकू सैपाकघरातनं आल्या, हात पुसला आणि म्हणाल्या, "आयकलं काय, पोरगी म्हणत्या, आत काय घालू नका."

"आत म्हंजे? घरात?"

"घरात न्हाय वो! चड्डीच्या आत. दुसरी चड्डी घालायची न्हाय. शिवणीनं सोलपाटतंय म्हणं."

तात्यांनी चड्डी उजेडाला धरून आरपार बघितली. म्हणालं, "सरू, म्हंजे मी सगळ्या कोल्हापुरातनं... तसाच?"

"तसाच कसा? ही हाय की वर. आणि तालमीतली पोरं नुसत्या लंगोटावर फिरत्यात, तवा कोण काय म्हणतंय व्हय?"

आता तालमीतल्या पोरांचं अंग बघा आणि तात्यांचं बघा! एसटीतल्या कंडक्टरला पोट असतंय, ते पिशवी टेकवायला. पर ऐकतंय कोण?

पयल्या रविवारी तात्या लेकीच्या टोळीबरोबर मसाईच्या पठाराला गेलं. ती घट्ट चड्डी, वर घट्ट पोपटी बनियनसारखा सदरा, त्याला मागं कमरंवर तीन खिसं. पोपटी का? तर ट्रकवाल्यांना लांबनं दिसावं म्हणून. तिथं जाऊन बघत्यात तर सगळी पोरं ढगळ कापडात! ढगळ इजारी, गुडघ्याला वाट्या, कोपराला वाट्या, हातमोजं, आणि डोक्याला हनुवटीसकट झाकणारं हेल्मेट. प्रिया कपाळाला हात लावून म्हणाली, "पप्पा, हे रस्त्याचं आहे! डोंगराला ढगळ घालतात. गादीची चड्डी आत, ढगळ वरनं!"

"मग घरी सांगायचं न्हाय?"

सांगून तरी काय? आलंच हुतं, तर गेलं. पयल्याच उताराला करवंदीच्या जाळीत घुसलं. बाकीच्यांच्या ढगळ कापडाला काटं लागलं, यांच्या कापडाला लागलं ते कापडातनं थेट तात्यांनाच लागलं. त्या दिवशी सरूकाकूंनी चिमटा घेऊन एकवीस काटं काढलं. कुठनं काढलं इचारू नका.

तात्या शाणं झालं. फुडच्या रविवारी रस्त्यावर सायकल चालवणारी दुसरी टोळी, उदयसिंह म्हणून एकजण हाय, त्याची, ती ज्योतिबाला निघालती. तात्या ढगळ इजार, गुडघ्याला वाट्या आणि त्ये तोंड झाकणारं हेल्मेट घालून दारात आलं. शेजारची म्हातारी म्हणाली, "धोंडीराम, कुठं मोहळ बसलंय रं?" आणि टोळीकडं गेलं तर तिथं सगळी घट्ट! उदयसिंह म्हणाला, "तात्या, रस्त्याला वारा कापाय लागतोय. ही इजार वारं भरून घेत्या." व्हय की! केर्लीच्या फुडं असं वारं भरलं, असं भरलं, की तात्या पायडल मारत्यात फुडं आणि इजार वढत्या मागं. गावातली पोरं वरडाय लागली, "पॅराशूट! पॅराशूट!"

अंगावर काय घालायचं, हे माणसाच्या हातात असतंय व्हय? न्हाय! ते रस्ता ठरवतोय.

पर मी सांगाय लागलोय ते ह्ये न्हाय. खरी गोष्ट फुडंच हाय.

तात्यांचा एक जोडीदार हुता, जोतीराम डायवर. एकोणीस वर्सं दोघं एकाच गाडीवर. जोतीराम म्हणायचा, "जय भीम, मास्तर!" कंडक्टरला मास्तरच म्हणत्यात की एसटीत. आणि तात्या म्हणायचं, "राम राम, पायलट!" डबा एक, पेटीचं कुलूप एक, मुक्कामाच्या गावात अंथरूण एक. जोतीरामचं गाव गगनबावड्याच्या रस्त्याला, कळे गावाच्या फुडं. रिटायर झाल्यावर त्यो गावाकडं गेला. आणि त्याला कुठनं तरी कळलं, मास्तर सायकल चालवतोय. दर आठवड्याला फोन! "मास्तर, ये की. तुझी चड्डी बघायची हाय मला. गावात सांगून ठेवलंय."

आता गावात सांगून ठेवल्यावर माणूस जाईल व्हय? तात्यांनी ठरवलं, जाऊ, पर एसटीनं, लेंगा-बंडी घालून, अब्रूनं. आज जाऊ, उद्या जाऊ... असं करत दिवाळी झाली, कारखानं सुरू झालं, पर तात्या काय गेलं न्हाईत. नुसत्या चड्डीच्या लाजंनं!

आणि डिसेंबरात उदयसिंहच्या टोळीनं ठरवलं, गगनबावडा. पंचावन्न किलोमीटर जायचं. तात्या घाबरलं. चढाला न्हाय वो, जोतीरामच्या गावाला! रस्त्याला लागूनच घर. मग तात्यांनी मनात बेत केला, गाव आलं की मान खाली, पायडल जोरात, पार व्हायचं.

सकाळी साडेआठला गाव आलं. तात्यांनी मान खाली घातली. पर फुडं ऊसाच्या ट्रॉल्या थांबलेल्या, रस्ता तटलेला. उदयसिंह एका माणसाला इचारतोय, "काय झालंय हो?" त्यो माणूस म्हणाला, "मयत हाय. जोतीराम डायवर गेलं. पाटंचं चार वाजता, झोपंतच."

तात्यांनी मान वर केली.

तात्या तसंच हुबं. एक पाय रस्त्यावर, एक पायडलावर. मग उदयसिंहनं खांद्यावर हात ठेवला. "तात्या, मी गाडी मागवतो. घरी जाऊन कपडे बदलून येऊ."

"किती येळ लागंल?"

"जाऊन येऊन... दीड-दोन तास."

तात्यांनी बघितलं, अंगणात तिरडी बांधून झालेली. म्हणालं, "थांबायची न्हाय ती गाडी." आणि सायकल भित्तीला टेकवली.

आता ती सायकलची बुटं! खाली पट्टी असत्या, पायडलात अडकवायची. चालताना टाचंवर चालाय लागतंय बदकागत. अंगणात शहाबादी फरशी. आणि आख्खं गाव गप बसलेलं. टक... टक... टक... पोपटी सदरा, काळी घट्ट चड्डी, डोक्यावर हेल्मेट. एक म्हातारा हळूच म्हणाला, "पावणं, शर्यत फुडं हाय. हितं मयत हाय."

तात्यांनी हेल्मेट काढलं. वाकून जोतीरामच्या पायावर डोकं ठेवलं, तर कमरंवरल्या खिशातनं केळं सटाकदिशी बाहेर आलं आणि मयताच्या शेजारी जाऊन पडलं. वाटंत खायाला घेतलेलं वो! पुन्ना त्योच म्हातारा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. लागंलच."

तवर जोतीरामची बायको, चिमणाबाई, तिनं डोळं वर केलं. आणि हंबरडा फोडला, "मास्तर आलं की वो! आवो, उठा, तुमचं मास्तर आलं!" सगळ्या बायका रडाय लागल्या. तात्या पण रडाय लागलं. रडता रडता चिमणाबाईचं ध्यान खाली गेलं. तिनं पदरानं डोळं पुसलं, पुन्ना बघितलं.

"मास्तर... ह्ये काय घातलंय वो?"

"लेकीनं दिलंय."

"थंडी वाजत न्हाय?"

बघा! नवरा अंगणात ठेवलाय, आणि ह्या बाईला मास्तरच्या थंडीची काळजी! ती पोराला म्हणाली, "आकाराम, तुझ्या बाचा टावेल आण. मास्तरांना दे गुंडाळाय."

जोतीरामचा चौकड्याचा टावेल तात्यांनी चड्डीवर गुंडाळला. बुटं काढली. आकाराम म्हणाला, "काका, फुडनं एक बाजू तुम्ही धरा." धरली. आता दोन्ही हात तिरडीला, मग टावेल कोण धरणार? पन्नास पावलं गेलं नसतील, टावेल सुटला. मागच्यानं उचलला आणि कुठं ठेवायचा म्हणून सोताच्या डोक्याला बांधला. थांबाय येतंय व्हय? मयत घेऊन कोण थांबतंय? तात्या तसंच चाललं. पोपटी, घट्ट, अनवाणी. दोन्ही बाजूला बायका दारात हुब्या, आणि तात्यांना, तुमास्नी सांगतो, पयल्यांदाच, कापडाचं कायच वाटंना.

अंगावर काय घालायचं, हे माणसाच्या हातात असतंय व्हय? हातात आधीच दुसरं काय तरी असतंय की!

गल्लीच्या वळणावर ट्रॅक्टर हुबा. तिरडी तटली. मागचं म्हणत्यात फुडं सरा, फुडचं म्हणत्यात मागं सरा, एकच कालवा. आणि तात्यांच्या तोंडातनं आपसूक गेलं, "येऊ द्या... येऊ द्या... उजवं काढा... अजून उजवं... हाऽऽ! चलू द्या!"

तिरडी सुटली. मग आकाराम बापाकडं बघून हसला आणि त्याच दमात ढसाढसा रडला. एकोणीस वर्सं त्याच आवाजावर जोतीरामनं गाडी मागं घेतलेली. शेवटचीबी घेतली.

मातीनंतर आंघोळ कराय नको? कुंभी नदीच्या पाण्यात सगळी उतरली, तात्या पण उतरलं. आणि ती गादी! स्पंज हाय वो ती, तिनं अर्धी नदी पिऊन घेतली. बावडा ऱ्हायला बाजूला, तात्या माघारी फिरलं. तीस किलोमीटर, दर पायडलाला पचाक... पचाक... पचाक... मागनं उदयसिंह येत हुता, त्यो एकदाबी हसला न्हाय. पोरगं गुणाचं. घरी आल्यावर सरूकाकूंनी चड्डी पिळली, तर म्हणाल्या, "आंबा लावायचा आसला तर पाणी हाय भरपूर." मग कळलं कुठलं पाणी ते. दोरीवर नीट पसरून घातली. चड्डी दोन दिवस वाळंना.

आता बारावं आलं. तात्यांनी ठरवलं, आता तरी आपल्या मनासारखं. कडक इस्तरीचा लेंगा, पांढरी बंडी, टोपी. एसटीनं गेलं, तिकीट काढून. दारात त्योच म्हातारा, आल्यागेल्याला बसवत हुता. म्हणाला, "या पावणं, या. कुठलं म्हणायचं?"

तात्या म्हणालं, "कोल्हापूर. मी जोतीरामचा कंडक्टर."

म्हातारा हसला. "न्हाय, न्हाय. कंडक्टर मी सोता बघितलाय. पोपटी हुता. खांदा दिला की त्यानं, लई माया लावणारा माणूस! तुमी दुसरं कोन तरी."

"अहो, त्योच मी!"

म्हाताऱ्यानं टोपीपासनं चपलंपातूर दोनदा बघितलं. मग कपाळाला हात मारला आणि म्हणाला, "मग आदी न्हाय सांगायचं व्हय, पावणं? अशी अंगभर कापडं घालून आलासा... माणसानं वळखायचं कसं?"